उत्तर ऐकून पुढचा प्रश्न

आमच्या ऑफिसात टेस्टिंग करणाऱ्या एका सहकारी मुलीने एकदा बग नोंदवला. ‘एकाच प्रश्नावलीत एका रुग्णाला चार प्रश्न येतात, दुसऱ्याला बारा. प्रश्नही वेगवेगळे. गुण मात्र दोघांना एकाच पट्टीवर मिळतात. हे बरोबर कसं?’ आमची कंपनी अमेरिकेतल्या इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करते आणि रुग्णांकडून भरून घ्यायच्या प्रश्नावल्यांचं काम माझ्याकडे आहे. मी त्याखाली ‘हे असंच अपेक्षित आहे’ असं लिहून बग बंद केला. एवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतंच. ती थेट माझ्या टेबलाशी आली, आणि मग चहा दोनदा मागवावा लागला. पुढे जे लिहिलंय ते साधारण त्या दिवशीचंच बोलणं आहे, पण थोडं सविस्तर. शिवाय त्यात आमच्या घरचा एक विषय आहे, तो ओघाने येईल.

या प्रकाराचं इंग्रजी नाव कॉम्प्युटराइज्ड अडॅप्टिव्ह टेस्टिंग, लघुरूप कॅट. आयआयएमच्या कॅटशी याचं काही नातं नाही आणि कॅट स्कॅनशी तर मुळीच नाही. तुमच्यापैकी ज्यांनी जीमॅट दिली असेल त्यांना हा अनुभव आहे. १९९७ सालापासून ती परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, असा तिचा खाक्या झाला. मी मराठीत तिला ‘जुळवून घेणारी चाचणी’ म्हणतो. समोरच्याशी जुळवून घेत पुढे सरकणारी, म्हणून.

खरं तर ही कल्पना आपल्याकडच्या मोठ्या माणसांना शिकवावी लागत नाही. स्थळाची चौकशी करणारी आत्या ‘मुलगा काय करतो?’ याचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढचा प्रश्न ठरवत नाही. ‘ऑस्टिनला असतो’ म्हटलं की तिचे पुढचे प्रश्न वेगळे, ‘वडिलांचं दुकान बघतो’ म्हटलं की वेगळे. चार प्रश्नांत तिला हवं ते कळतं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुलांची बुद्धी मापायची चाचणी केली तीही अशीच होती. तपासणारा मुलाच्या अंदाजाने मध्येच कुठेतरी सुरुवात करी, जमलं तर वर जाई, अडलं तर खाली येई. कॉम्प्युटरने फक्त या अंदाजाला गणित दिलं.

आता हे गणित आजारी माणसाच्या कामाचं कसं, ते बघू.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत पुनर्वसन म्हटलं की धरणग्रस्त आठवतात. इथे मी म्हणतोय ते रिहॅबिलिटेशन. पक्षाघात, मोडलेलं हाड, गुडघ्याचं ऑपरेशन, मणक्याची इजा, असं काही झाल्यावर रोजची कामं पुन्हा करता येण्यासाठी जी मेहनत घ्यावी लागते ती. फिजिओथेरपी हा त्यातला आपल्याला सगळ्यात ओळखीचा भाग. औषधाचं बरं असतं, रक्तातली साखर मोजली की गोळी कमी-जास्त करता येते. पण ‘या माणसाला अजून किती व्यायामाची, कसल्या मदतीची, किती दिवस गरज आहे’ हे कशाने मोजायचं?

त्यासाठी फार काळापासून वापरात असलेली मोजपट्टी म्हणजे बार्थेल इंडेक्स. मेरीलँडमधल्या फ्लोरेन्स माहोनी आणि डोरोथी बार्थेल यांनी ती १९६५ साली प्रसिद्ध केली. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना वगैरे दहा गोष्टी, एकूण गुण १००. दुसरी फिम नावाची. तिच्यात अठरा गोष्टी, प्रत्येकीला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. दोन्ही उपयोगाच्या आहेत आणि पाच-दहा मिनिटांत भरून होणारी बार्थेल तर आजही आपल्याकडच्या बऱ्याच इस्पितळांत दिसते. अडचण एवढीच, की पट्टी जिथे संपते तिथे माणूस संपत नाही. पहिलीच्या पेपरात चौथीच्या मुलाला बसवलं तर त्याला शंभर पडणारच. त्यावरून त्याला भागाकार येतो की नाही हे कसं कळणार?

आमच्या घरी नेमकं हेच झालं. दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू कमजोर झाली. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, वय एकोणसत्तर. आम्ही हैदराबादला काचीगुड्यात राहतो, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इस्पितळातून घरी आले तेव्हा बार्थेलवर ५५ होते. तीन महिन्यांनी ९५, कारण जिना उतरताना अजून कोणीतरी पुढे उभं राहावं लागे. चौथ्या महिन्यात जिनाही जमला. शंभर! फाइलवर शेरा आला की आता फिजिओथेरपीची गरज नाही. घेतलेलं पॅकेजही संपलं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं.

पण बाबा घराबाहेर पडेनात. सुलतान बाजारात भाजी आणायला जाणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, ते सोडलं. गुरुवारच्या भजनाला जाणं सोडलं. विचारलं तर म्हणत, “कंटाळा येतो.” आईला वाटलं मन खचलंय. मलाही तसंच वाटत होतं, आणि थोडंफार ते खरंही असेल. पण शंभरातले शंभर गुण हातात असताना गरज दाखवायची कशी? गंमत म्हणजे माहोनी आणि बार्थेल यांनीच १९६५ च्या त्या लेखात बजावून ठेवलंय की शंभर गुण म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही. त्याला स्वयंपाक, घरकाम, चार लोकांत वावरणं कदाचित जमणारही नाही. लेखातली ही सूचना फाइलच्या रकान्यापर्यंत पोचत नाही.

मग पट्टी लांब करायची, दहाच्या जागी दीडशे प्रश्न घ्यायचे, असं कोणीही म्हणेल. पण पक्षाघातातून उठलेल्या माणसाला दीडशे प्रश्न विचारून बघा. विसाव्या प्रश्नाला तो थकतो, तिसाव्यानंतर काय विचारलं तरी ‘हो हो’ म्हणतो. शिवाय ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याला ‘तुम्ही एक मैल चालू शकता का?’ विचारणं ही क्रूर थट्टा आहे, आणि जो रोज तीन किलोमीटर फिरून येतो त्याला ‘उशीवरून मान उचलता येते का?’ विचारलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढेल. दोन्ही प्रश्न त्या त्या माणसासाठी वाया.

ते का वाया, याचं उत्तर डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांच्या कामात आहे. मुलांच्या वाचनाच्या चाचण्यांवर काम करताना त्यांना जे सुचलं ते त्यांनी १९६० च्या पुस्तकात मांडलं. समजा एक लांब पट्टी आहे. डाव्या टोकाला सोपी कामं, उजवीकडे जावं तशी अवघड. कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला बसणं, खुर्चीतून उठणं, घरात चालणं, एक मजला चढणं, सामान घेऊन एक मजला चढणं, एक किलोमीटर चालणं, धावणं. आता त्याच पट्टीवर माणूसही उभा करा. त्याच्या डावीकडची कामं त्याला बहुधा जमतील, उजवीकडची बहुधा जमणार नाहीत, आणि जिथे तो उभा आहे तिथलं काम जमण्याची शक्यता बरोबर पन्नास टक्के. कामाचा अवघडपणा आणि माणसाची ताकद एकाच पट्टीवर, एकाच मापात. राश यांच्या विचारातली मोठी गोष्ट ती हीच.

एकदा हे मान्य केलं की प्रश्नाची किंमतही काढता येते. ज्याचं उत्तर ९८ टक्के आधीच माहीत आहे तो प्रश्न विचारून नवीन काय कळणार? ज्याचं उत्तर पन्नास-पन्नास आहे त्यातून सगळ्यात जास्त कळतं. राश यांच्या सूत्राने आकडा काढला तर पन्नास-पन्नासचा एक प्रश्न ९८ टक्क्यांच्या साधारण बारा-तेरा प्रश्नांच्या तोडीचा भरतो. त्या दिवशी चहा पिताना टेस्टर मुलीला पटलं ते इथे. कमी प्रश्न म्हणजे कमी माहिती असं नव्हे, प्रश्न कुठला विचारला यावर ते ठरतं.

म्हणून कॉम्प्युटर करतो काय, तर मधल्या अवघडपणाच्या एका प्रश्नाने सुरुवात करतो. उत्तर आलं की माणूस पट्टीवर कुठे असेल याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाच्या जवळचा, अजून न विचारलेला प्रश्न काढतो. पुन्हा उत्तर, पुन्हा अंदाज. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पानं अशीच पुढे-मागे उलटतो. फरक असा की शब्दकोश खोटं बोलत नाही, माणूस मात्र एखादं उत्तर घाईत, संकोचाने किंवा नीट न ऐकता देतो. म्हणून कॉम्प्युटर एका उत्तरावर सगळं सोपवत नाही. प्रत्येक उत्तराने अंदाज थोडासा सरकतो, आणि मधेच एखादं उत्तर चुकीचं गेलं तर पुढची दोन-तीन उत्तरं त्याला परत जागेवर आणतात. अंदाजातली अनिश्चितता ठरवलेल्या मर्यादेच्या आत आली की प्रश्न थांबतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००४ साली प्रॉमिस नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात शारीरिक हालचालींच्या प्रश्नांची पेढी दीडशेच्या वर गेली आहे, पण एका रुग्णाला साधारणतः चारपेक्षा कमी आणि बारापेक्षा जास्त प्रश्न येत नाहीत. गुणांची पट्टी अशी की तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येची सरासरी ५०, आणि १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. आमच्या टेस्टर मुलीला दिसलेले चार आणि बारा ते हेच. ज्याची उत्तरं एकमेकांशी जुळत जातात त्याचं चारांत भागतं. ज्याची जुळत नाहीत, किंवा जो पट्टीच्या अगदी टोकाला आहे, त्याला बारा.

खास पुनर्वसनासाठीचं काम बोस्टन विद्यापीठात झालं. स्टीफन हेली आणि अ‍ॅलन जेट या दोघांचं मूळ शिक्षण फिजिओथेरपीचं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एएम-पॅक नावाची पेढी उभी केली, इस्पितळातून बाहेर पडल्यानंतरच्या काळासाठी. तिचे तीन भाग आहेत: हालचाल, रोजची कामं, आणि व्यवहारातली बुद्धी, म्हणजे निरोप लक्षात ठेवणं, फोनवर बोलणं यासारख्या गोष्टी. हा तिसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पक्षाघातानंतर पाय चालायला लागले की घरचे निःश्वास सोडतात आणि गॅस बंद करायला विसरणं ‘वयाचं’ ठरतं. याच पेढीतले सहा-सहा ठरलेले प्रश्न निवडून एक छोटा फॉर्मही केलेला आहे. इस्पितळातल्या नर्स किंवा थेरपिस्ट तो रुग्णाला बघून भरतात, आणि रुग्णाला थेट घरी पाठवायचं की आधी पुनर्वसन केंद्रात, हे ठरवायला त्याची मदत होते. त्यात कॉम्प्युटर काही निवडत नाही, पण प्रश्न मूळ पट्टीवरचेच असल्याने गुण तिच्यावर बसवता येतात.

लहान मुलांसाठी पेडी-कॅट आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा तशाच अडचणी असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी ती भरायची. पेढीत २७६ प्रश्न, चार भागांत वाटलेले. छोट्या आवृत्तीत एका भागातले पंधराहून जास्त विचारत नाहीत. आपल्या मुलाला काय काय येत नाही याची २७६ प्रश्नांची यादी एका आईला वाचायला लावणं आणि तिच्या मुलाच्या जवळपासचे पंधरा विचारणं यात किती फरक आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्यात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट गुण ही नाहीच. गुण ४१ आला की ४३, यावरून घरच्यांना काय बोध होणार? कामाची गोष्ट अशी की माणूस आणि कामं एकाच पट्टीवर असल्यामुळे गुणाच्या शेजारी नकाशा मांडता येतो. ही कामं याला नक्की जमतात, ही अर्धीमुर्धी, ही अजून लांब. जिथे कॉम्प्युटर प्रश्न विचारत घुटमळतो, तिथेच त्या माणसाची आजची गरज असते. घरात चालणं पक्कं, मजला चढणं अर्धंमुर्धं, किलोमीटर लांब, असं दिसलं तर पुढचा महिना जिन्यावर घालवायचा. महिन्याने पुन्हा मोजलं की गरज कुठे सरकली ते कळतं. बार्थेलमध्ये बाबांची गरज पट्टीच्या बाहेर गेली होती, म्हणून ‘नाही’ अशी नोंद झाली. लांब पट्टीवर ती दिसली असती.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता मेख.

ही पट्टी बांधली कोणी? त्या त्या ठिकाणच्या शेकडो-हजारो रुग्णांच्या उत्तरांनी. कुठलं काम कुठे बसतं हे तज्ज्ञांच्या मताने ठरत नाही, उत्तरांवरून निघतं. ती उत्तरं अमेरिकन घरांतली. १९८० साली स्टॅनफर्डमध्ये संधिवातासाठी हॅक नावाची एक प्रसिद्ध प्रश्नावली झाली, तिच्यात टबात बसून अंघोळ करता येते का आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं किंवा अंगणातली कामं जमतात का, असे प्रश्न आहेत. सुलतान बाजारच्या वाड्यात वाढलेल्या आजीला टबाचं विचारून काय मिळणार?

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी याच प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती करून २००२ साली प्रसिद्ध केली. बारा प्रश्नांची. तिच्यात साडी, सलवार, धोतर, पायजमा नेसता-घालता येतो का, हे आहे. संडासात उकिडवं किंवा जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, तीन किलोमीटर चालता येतं का, भाजी बाजारात जाऊन खरेदी करता येते का, हेही आहे. मी ते प्रश्न पहिल्यांदा वाचले तेव्हा हसूच आलं, इतके ते ओळखीचे. ही चाचणी जुळवून घेणारी नाही, साधी ठरलेली यादी आहे. पण पेढीत घालायचे प्रश्न कसे असावेत याचा तो उत्तम नमुना आहे.

नुसते शब्द बदलून मात्र भागत नाही. मांडी घालून बसण्याचंच घ्या. अमेरिकेतल्या पन्नाशीच्या निरोगी माणसालाही ते जड जातं, कारण सवय नाही. म्हणजे तिथल्या पट्टीवर हे काम बरंच उजवीकडे बसणार. आपली सत्तरीची आजी, जी जन्मभर पाटावर बसून जेवली, ती आजारपणातही सहज मांडी घालेल. कॉम्प्युटर म्हणेल, अरे वा, हिची ताकद बरीच आहे! आणि जिला मदतीची गरज आहे तिला ‘गरज नाही’च्या बाजूला सरकवून मोकळा होईल. संख्याशास्त्रात प्रश्नांचं असं समाजागणिक बदलणारं वागणं तपासायच्या रीती आहेत. पण त्यासाठी इथल्या रुग्णांची उत्तरं हवीत, शेकड्याने हवीत, आणि त्यांच्या भाषेत हवीत.

भाषेचा मुद्दा आपल्यासारख्यांना जास्तच लागू. बाबांचा फॉर्म इंग्रजीत होता. थेरपिस्ट तेलुगू, ती तो वाचून हैदराबादी हिंदीत विचारायची, आणि बाबांना नीट ऐकू आलं नाही की मी मराठीत सांगायचो. मूळ प्रश्नातली एका दमात चढायची ‘फ्लाइट ऑफ स्टेअर्स’ तिसऱ्या तोंडी नुसता ‘जिना’ होऊन येते. कुठला जिना? आमच्या जुन्या इमारतीच्या उभ्या पायऱ्यांचा, की मॉलमधला? ‘थोडा त्रास’ आणि ‘बराच त्रास’ यांतला फरक तर प्रत्येक भाषेत वेगळा. आमचे बाबा ‘जमतं’ यापलीकडे शब्द वापरत नाहीत. तोच प्रश्न आईला विचारला की ती म्हणते, “कुठे जमतं? मी धरते म्हणून.”

आणखी एक पेच आहे, तो जरा नाजूक. काही चाचण्या ‘करता येतं का’ विचारतात, काही ‘करतात का’ ते बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालच्या वर्गीकरणात या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे त्या पार गुंतलेल्या असतात. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेता का, असं बाबांना विचारलं तर उत्तर ‘नाही’. पण ते पक्षाघाताच्या आधीही ‘नाही’च होतं! उलट कित्येक घरांतल्या बायका हात फ्रॅक्चर असताना पोळ्या लाटतात आणि फॉर्मवर लिहिलं जातं, ‘स्वयंपाक: स्वतंत्रपणे’. करावं लागतं म्हणून करणं आणि जमतं म्हणून करणं यांतला फरक विचारणारा प्रश्न पेढीत नसेल तर अल्गोरिदम कितीही हुशार असो, त्याचा उपयोग नाही.

एवढं सगळं कळत असताना हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून बाबांच्या फिजिओथेरपिस्टला मी भेटलो. ती म्हणाली, “फॉर्म मला बदलता येणार नाही, पण तुम्ही घरातली यादी करा, मी बघते.” मग आई, ती आणि मी अशा तिघांनी मिळून बाबांच्या आयुष्यातली एकतीस कामं कागदावर लिहिली आणि सोप्याकडून अवघडाकडे लावली. सदऱ्याची बटणं, पंचा पिळणं, कुकरचं झाकण, देवघरासमोर पाटावर बसणं, गॅलरीतून वाळत घातलेले कपडे काढणं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना, रिक्षातून उतरून सुट्टे पैसे देणं, सिटी बस. दर रविवारी संध्याकाळी पाच-सहा प्रश्न. गेल्या आठवड्यात जिथे थांबलो तिथून सुरुवात, ‘सहज’ म्हणाले तर दोन पायऱ्या वर, ‘नाही’ म्हणाले तर एक खाली. आईचं उत्तर वेगळ्या रकान्यात. यामागे कुठलंही संख्याशास्त्र नव्हतं आणि याला चाचणी म्हणू नये, हे थेरपिस्टने पहिल्याच दिवशी बजावलं. एका माणसावरून पट्टी बनत नसते.

तिसऱ्या रविवारपर्यंत दोन जागी घुटमळणं स्पष्ट दिसायला लागलं. एक, गर्दीत चालणं. बाजारात डावीकडून कोणी घासून गेलं की तोल जाईल ही भीती. दुसरं, जमिनीवरून उठणं. बसता यायचं, पण आधाराशिवाय उठता येत नव्हतं. आणि भजनाला सगळे सतरंजीवर बसतात. कोपऱ्यात खुर्ची ठेवलेली असते, पण बाबांना चारचौघांत त्या खुर्चीत बसायचं नव्हतं, आणि कोणाचा तरी हात धरून उठायचं तर त्याहून नव्हतं. ‘कंटाळा येतो’चा अर्थ हा होता. बार्थेलच्या दहा प्रश्नांत जमिनीवरून उठणं कुठेच नाही. जिथे माणसं जमिनीवर बसत नाहीत तिथे ते कशाला असेल?

थेरपिस्टने त्यावर नव्याने सहा आठवडे घेतले. आधी शेजारी खुर्ची ठेवून, हात तिच्यावर, चांगला पाय पुढे, अर्धं गुडघ्यावर येऊन उठणं. मग खुर्चीच्या जागी स्टूल. (हे घरी एकट्याने करू नका. पडलं तर पहिल्यापेक्षा मोठं दुखणं होतं.) आता बाबा बुटक्या स्टुलाला हात लावून उठतात. ते स्टूल भजनाला बरोबर नेतात आणि पेटीवाल्या काकांच्या मागे ठेवतात, दिसू नये म्हणून. बाजारातलं अजून तेवढं जमलेलं नाही. सकाळी आठच्या आधी, गर्दी नसताना जातात.

तुमच्या घरात असा प्रसंग आला तर थेरपिस्टला ‘किती गुण?’ एवढंच न विचारता ‘पट्टी कुठे संपते?’ हेही विचारा. सगळ्या प्रश्नांना पूर्ण गुण मिळाले असतील तर मोजायचं राहिलंय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. रुग्ण आणि सांभाळणारं माणूस, दोघांची उत्तरं वेगवेगळी घ्यायला सांगा. बोलण्यावर परिणाम झाला असेल तर प्रश्नोत्तरांवर विसंबता येत नाही, तिथे प्रत्यक्ष करून बघण्याला पर्याय नाही.

आमच्या त्या एकतीस कामांच्या कागदाचं पुढे थोडं वाढलं. समाजातल्या दोन फिजिओथेरपिस्ट ताई आणि मी मिळून मराठी घरांतल्या कामांची मोठी यादी करतो आहोत. पेढी बांधायला इस्पितळं, संशोधक आणि शेकडो रुग्ण लागतील, ते आमच्या आवाक्यातलं नाही. पण कोणी कधी बांधायला घेतली तर प्रश्न तरी आपल्या घरातले असावेत. आतापर्यंत सव्वाशे कामं झाली आहेत. पुरण वाटणं, नऊवारी नेसणं, माळ्यावरचा डबा काढणं, लग्नाच्या पंगतीत वाढणं अशी कामं लोक कळवत आहेत. तुमच्या घरात ‘हे जमलं म्हणजे बरा झालो’ असं ज्याला म्हणतात, ते एक काम तुम्हीही कळवा. तुळशीला पाणी घालणं पट्टीवर कुठे ठेवायचं यावरून मात्र दोघी ताईंचा वाद अजून मिटलेला नाही. एकीच्या डोळ्यांपुढे अंगणातलं वृंदावन आहे, दुसरीच्या बाल्कनीच्या कठड्यावरची कुंडी.